शिक्का सरकारचा, जोखीम सभासदाची

एखादी पतसंस्था बुडाली, कीं आपल्याकडे दोन ठराविक मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, ठेवीदार लोभी होते; टक्का-दीड टक्का अधिक व्याजाच्या आशेनें त्यांनीं पैसे गुंतविले, आतां त्यांचें त्यांस भोगूं द्या. दुसरें मत असें कीं, सरकार झोपलें होतें काय? पहिलें मत उच्चारणारा स्वतः बहुधा सुरक्षित असतो. दुसरें उच्चारणारा सरकारनें नेमकें काय करावयास हवें होतें तें कधीं सांगत नाहीं. या दोहोंपैकीं एकाचाही ठेवीदारास उपयोग नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. सरकार ज्या संस्थेला आपलें नांव लावूं देतें, तिच्या आर्थिक प्रकृतीविषयीं सरकारची जबाबदारी कोठें सुरू होते व कोठें संपते? इंग्लंडांतील कष्टकरी वर्गानें आपल्या घामाचे पैसे गमावून या प्रश्नाचा निकाल शंभर वर्षांपूर्वींच लावून घेतला आहे, आणि ज्या कायद्यांत तो लागला त्याच कायद्याच्या कुशींतून आपला सहकाराचा कायदा जन्मास आला. तेव्हां तो इतिहास आपल्या घरचाच समजावयास हरकत नाहीं. त्यावरून आमचें ठाम मत झालें आहे, तें हें: नुसती नोंदणी करून थांबणारें सरकार, मुळींच नोंदणी न करणाऱ्या सरकारापेक्षां गरिबाचा अधिक घात करतें.

इंग्लंडांत ज्यांस ‘फ्रेंडली सोसायटी’ म्हणत, त्या मंडळ्या म्हणजे विणकर, सुतार, खाणकामगार अशा हातावर पोट असलेल्या लोकांनीं परस्परांच्या आधारासाठीं काढलेल्या संस्था होत. आठवड्याला चार-सहा पेन्स वर्गणी द्यावयाची; आजारपणांत काम सुटलें म्हणजे मंडळीकडून भत्ता घ्यावयाचा; आणि मरणानंतर प्रेतसंस्काराचा खर्च मंडळीनें सोसावयाचा, असा हा सरळ करार. सभा बहुधा एखाद्या गुत्त्याच्या माडीवर भरे. पैशाच्या पेटीला तीन कुलुपें असत आणि किल्ल्या तीन निरनिराळ्या माणसांच्या हातीं असत. तीन कुलुपें लावण्याचें शहाणपण ज्यांच्या अंगीं होतें, त्यांस पेटींतील रक्कम चाळीस वर्षांनीं पुरेल कीं नाहीं हें काढण्याची विद्या मात्र नव्हती, आणि ती नसण्यांत त्यांचा कांहीं दोषही नव्हता. चोरापासून पेटी राखावयास कुलूप पुरतें; तूट ओळखावयास गणित लागतें.

ही तूट कशी उत्पन्न होते, तें पाहिल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं. समजा, पंचविशीच्या शंभर तरुणांनीं मंडळी काढली. वर्गणी सर्वांस सारखी. तरुण माणूस वर्षांतून आजारी पडून पडून किती दिवस पडणार? पेटी भरूं लागते. पेटी भरलेली पाहून सभासद वार्षिक मेजवानी करितात, भत्ता वाढवितात. पंचवीस-तीस वर्षें गेलीं, कीं तेच शंभर जण पन्नाशी ओलांडतात. वयाबरोबर आजाराचे दिवस सारखे वाढत जातात. साठीनंतर तर तरुणपणाच्या कित्येक पट होतात, आणि म्हातारपण व आजार यांच्या सीमारेषा पुसून जाऊन आजारभत्ता हाच पेन्शन होऊन बसतो. नेमक्या याच वेळीं नवा तरुण सभासद त्या मंडळींत येईनासा होतो. म्हाताऱ्यांचा भार आपण कां वाहावा, असा विचार करून तो शेजारच्या गल्लींत दुसरी मंडळी काढतो. म्हणजे खर्च शिगेला पोंचावयास आणि उत्पन्न आटावयास एकच गांठ पडते. ज्या वर्षीं मंडळी सर्वांत श्रीमंत दिसते त्याच वर्षीं ती आंतून दिवाळखोर असूं शकते. रिचर्ड प्राइस या विद्वानानें १७७१ सालींच लंडनमधील वर्षासनें देणाऱ्या मंडळ्यांबद्दल हीच गोष्ट गणितानें सिद्ध करून दाखविली होती: आरंभींची शिल्लक हा नफा नव्हे, तें पुढच्या देण्याचें ओझें आहे.

मंडळी फुटली म्हणजे काय होई? साठीच्या माणसास दुसरी मंडळी घेत नसे. उरे तें वर्कहाऊस, म्हणजे सरकारी दरिद्रालय, आणि शेवटीं भिकाऱ्याचें थडगें. तें टाळावें म्हणूनच त्यानें चाळीस वर्षें पोटाला चिमटा घेऊन वर्गणी भरली होती. सधन माणसाचें नुकसान झालें तर त्याची चैन कमी होते. येथें तर माणसाची अब्रूच बुडत असे.

आतां सरकारनें काय केलें तें पाहा. १७९३ सालीं जॉर्ज रोझ यानें पुढें आणलेल्या कायद्यानें या मंडळ्यांस प्रथम मान्यता मिळाली. नियम मॅजिस्ट्रेटांच्या त्रैमासिक सभेपुढें ठेवून मंजूर करून घ्यावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यांत कायदेशीर हक्क मिळवावयाचे, अशी ती व्यवस्था. तींत दयेइतकाच हिशेबही होता. गरीब आपला आधार आपण करूं लागले तर गरिबांच्या पोषणासाठीं बसणारा कर हलका होईल, हें जमीनदारांस कळत होतें. पुढें १८१९ च्या कायद्यानें ठरविलें कीं, वर्गणी व भत्ते यांचीं कोष्टकें निदान दोन विमागणितज्ञांनीं ‘किंवा’ हिशेबांत निष्णात अशा गृहस्थांनीं मान्य केलेलीं असावींत. त्या एका ‘किंवा’मधून सगळा कायदा गळून गेला. १८२५ च्या पार्लमेंटरी कमिटीस असें आढळलें कीं, कोष्टकांवर सह्या करणारे हे निष्णात गृहस्थ पुष्कळदां किरकोळ शाळामास्तर व हिशेबनीस असत, आणि आजार व आयुर्मर्यादा यांविषयीं त्यांच्या मतावर भरंवसा ठेवण्यांत अर्थ नव्हता. आम्ही मास्तरकीच्याच धंद्यांतले असलों तरी या निष्कर्षाचा राग मानीत नाहीं. वर्गांत त्रैराशिक शिकविणें वेगळें, आणि शंभर माणसांच्या म्हातारपणाचा अदमास करणें वेगळें. पण सही झाली होती. कागदावर सारें कायदेशीर होतें.

१८२९ पासून हें काम सरकारनें नेमलेल्या बॅरिस्टराकडे आलें, आणि १८४६ सालीं त्याच गृहस्थाला, जॉन टिड प्रॅट यांना, ‘फ्रेंडली सोसायट्यांचे रजिस्ट्रार’ हें पद मिळालें. १८७० सालीं मरण येईपर्यंत ते त्या पदावर होते. मनुष्य उद्योगी व कळकळीचा होता. बुडालेल्या मंडळ्यांच्या हकीकती आपल्या वार्षिक अहवालांत छापून त्यांनीं लोकांस वेळोवेळीं सावध केलें. परंतु त्यांच्या दाखल्याचा अर्थ एवढाच होता कीं, या मंडळीचे नियम कायद्याला धरून आहेत. मंडळीचें गणित बरोबर आहे कीं चूक, पेटींत पैसा आहे कीं नाहीं, याविषयीं दाखला एक अक्षरही बोलत नसे. लोकांनीं मात्र त्याचा अर्थ अगदीं उलट घेतला. सरकारी अधिकाऱ्याची सही आहे, अर्थात् मंडळी सरकारनें तपासलेली आहे, कदाचित् सरकार तिला जामीनही आहे, अशी समजूत खेड्यापाड्यांतून दृढ झाली. १८७० सालीं सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या रॉयल कमिशनपुढें ही समजूत ठिकठिकाणीं उघडकीस आली.

येथें थोडें थांबून विचार करावा. या समजुतीचा दोष कोणाचा? कायदेपंडित म्हणेल, अडाणी लोकांचा. दाखल्यावर काय लिहिलें आहे तें त्यांनीं वाचावयास हवें होतें. आम्हांस हें म्हणणें निर्दयपणाचें वाटतें. ज्याला वाचतां येत नाहीं तो शिक्का पाहतो, आणि शिक्का पाहून विश्वास ठेवावा म्हणूनच तर शिक्का असतो. शिक्क्याचा मान हवा पण शिक्क्याची जोखीम नको, हें वर्तन सावकारी व्यवहारांत कोणी खपवून घेणार नाहीं. जामीन राहतों असें भासवून, वेळ आल्यावर ‘मीं फक्त सही ओळखली’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला गांवांत काय नांव मिळतें, तें वाचकांस ठाऊक आहेच. शिवाय नोंदणी नसती तर सभासदानें निदान शंका घेतली असती, सेक्रेटरीला चार प्रश्न विचारले असते. दाखल्यानें त्याची शंका झोंपविली, आणि तिच्या जागीं दुसरें कोणी पहाऱ्यावर बसविलें नाहीं.

याच्या उलट बाजूनें बोलणारेही पुष्कळ होते. त्यांचें म्हणणें असें कीं, ह्या मंडळ्या बंधुभावावर उभ्या आहेत. सरकारी गणिती आंत शिरला कीं बंधुभाव मेला. हा आक्षेप वरवर उदात्त आहे, पण मंडळ्यांच्याच इतिहासानें तो खोटा ठरविला आहे. ‘मँचेस्टर युनिटी ऑफ ऑडफेलोज’ हा त्यांतील एक अत्यंत मोठा संघ. १८४५ च्या सुमारास त्याच्या वर्गण्या देण्याला पुरणार नाहींत असें गणितज्ञ उघड म्हणूं लागले. संघाच्या चालकांनीं शाखांकडून हिशेब मागविले, तेव्हां बंडाळी झाली आणि कित्येक शाखा फुटून वेगळ्या निघाल्या. तरीही चालक डगमगले नाहींत. संघाचे चिटणीस हेन्री रॅटक्लिफ यांनीं हजारों सभासदांच्या आजाराच्या व मृत्यूच्या नोंदी जमवून १८५० सालीं त्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें इतर मंडळ्याही तीं वापरूं लागल्या. गणितामुळें बंधुभाव मेला नाहीं. उलट म्हाताऱ्या बंधूला शेवटच्या आठवड्यापर्यंत भत्ता मिळावा म्हणून आज चार पेन्स अधिक देणें, हाच बंधुभाव आहे, हें त्या कष्टकऱ्यांस कळलें. मेजवानीच्या रात्रीं एकमेकांच्या गळ्यांत हात घालावयास बंधु पुष्कळ मिळतात.

कमिशनच्या अहवालानंतर १८७५ चा कायदा आला. तो अमलांत आणणारे पहिले मुख्य रजिस्ट्रार जॉन माल्कम लडलो यांचा जन्म १८२१ सालीं आपल्या नीमचचा, हा एक मजेदार योग. या कायद्याची रचना आम्हांस अनुकरणीय वाटते, कारण तो दोन्ही टोंकें टाळतो. सरकारनें मंडळ्या चालविण्यास घेतल्या नाहींत, त्यांस हमीही दिली नाहीं, आणि सर्वांनीं एकच वर्गणी ठेवावी असा हुकूमही काढला नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, नोंदणी हवी असेल तर वर्षास हिशेब पाठवा, आणि दर पांच वर्षांनीं आपल्या देण्याचें व मत्तेचें मूल्यमापन करून तें सादर करा. मूल्यमापक निवडण्याचें स्वातंत्र्य मंडळीला होतें. पण निघालेली तूट लपविण्याचें स्वातंत्र्य नव्हतें. शेवटचा ताळेबंद, शेवटचें मूल्यमापन व तपासनिसांचा खास शेरा असल्यास तो, हे कागद मंडळीच्या कचेरींत ठळक जागीं कायमचे टांगलेले असावेत, असें कायद्याचेंच फर्मान होतें. ज्या भिंतीवर पूर्वीं नुसता दाखला मिरवत असे, त्याच भिंतीवर आतां तूटही लटकूं लागली.

याचा परिणाम एका दिवसांत झाला नाहीं. नोंदणी ऐच्छिकच राहिल्यामुळें कित्येक मंडळ्या बाहेर राहिल्या, आणि आंतल्याही सर्वच सुधारल्या नाहींत. तथापि मोठमोठ्या संघांनीं वयाप्रमाणें चढती वर्गणी घेण्यास सुरुवात केली, आणि तुटीच्या शाखांस सावरण्याची व्यवस्था उभी राहिली. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें या मंडळ्यांनाच सरकारी आजारविम्याचे वाटेकरी केलें, तें याच शिस्तीच्या बळावर. १९४८ सालीं सरकारनें तें काम स्वतःकडे घेतलें, आणि मंडळ्यांचें वैभव ओसरलें. पण तें दिवाळें निघून नव्हे.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला तेव्हां त्याचा नमुना इंग्लंडच्या १८९६ च्या फ्रेंडली सोसायटी कायद्यावरून घेतला होता. आपल्या सहकारी संस्थांचा निबंधक हा त्या इंग्लिश रजिस्ट्रारचाच वंशज. आणि ज्यांनीं कायदा घडविला त्यांनीं मागच्या ठेंचाही ध्यानांत ठेवल्या होत्या. १९१२ च्या सुधारलेल्या कायद्यानें प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षांतून एकदां तरी निबंधकानें स्वतः किंवा आपल्या अधिकृत माणसाकडून तपासावेत, आणि त्या तपासणींत थकलेल्या कर्जांची छाननी व मत्ता-देण्यांचें मूल्यमापन अंतर्भूत असावें, असें स्पष्ट बजावलें. म्हणजे नोंदणी करणारा हात आणि तपासणारा हात एकच होता.

पतसंस्था ही फ्रेंडली सोसायटी नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. एक आजाराचा भत्ता देई, दुसरी ठेव व व्याज परत करते. पण दोघींचा आत्मा एकच: आज पैसे घेऊन उद्यांचें वचन देणें. आणि वचन खोटें आहे हें दोन्हींकडे पैसे भरतांना दिसत नाहीं. वयानें वाढणाऱ्या आजाराच्या जागीं येथें न फिटणारें कर्ज असतें. जुनें कर्ज नव्या कर्जानें फेडल्याचें दाखवून थकबाकी झांकावयाची, दहा वर्षांपूर्वींच्या किंमतीवर तारण मोजावयाचें, आणि वसूल न झालेलें व्याज नफ्यांत धरून लाभांश वांटावयाचा, कीं इंग्लिश मंडळीच्या मेजवानीची मराठी आवृत्ति तयार होते.

आणि भिंतीवर काय असतें? दर्शनी फलकावर नोंदणी क्रमांक, ‘महाराष्ट्र शासन नोंदणीकृत’ हीं ठळक अक्षरें, आणि ‘ऑडिट वर्ग अ’. निवृत्त शिक्षक, विधवा, भाजीवाली यांस हीं अक्षरें जें सांगतात तेंच टिड प्रॅट यांच्या दाखल्यानें विणकराला सांगितलें होतें. बँकेंतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचें संरक्षण असतें, २०२० पासून तें ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पण तें पतसंस्थेला लागू नाहीं. ही गोष्ट फलकावर तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेली आम्हीं कोठें पाहिली नाहीं.

हा ‘अ’ वर्ग देतो कोण? २०१३ च्या दुरुस्तीपासून हिशेबतपासनीस निवडण्याचें काम संस्थेच्या सर्वसाधारण सभेकडे आलें आहे. सरकारनें मान्य केलेल्या नामिकेंतून सभेनें तो निवडावा आणि संस्थेनें त्याची फी द्यावी. सहकाराला सरकारी हस्तक्षेपापासून मोकळें करावें, हा यामागील उद्देश सांगितला गेला. उद्देशाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु सभा म्हणजे कोण? अनेक ठेवीदार पतसंस्थेचे केवळ नाममात्र सभासद असतात, आणि नाममात्र सभासदाला मत नसतें. ज्याचा पैसा आहे त्याला मत नाहीं, आणि ज्याला कर्ज हवें आहे त्याच्या मतानें तपासनीस ठरतो, याला स्वायत्तता म्हणावयाचें असेल तर तो शब्दाचा विटाळ आहे. फेरतपासणी, चौकशी, प्रशासक, हीं सर्व शस्त्रें निबंधकापाशीं आहेत; पण तीं बहुधा बाहेर निघतात तेव्हां बैल गेलेला असतो आणि झोपा करणें चाललेलें असतें. स्थिरीकरण निधीची तरतूदही कायद्यांत झाली आहे. तिचें स्वागत करून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कोणाची तूट किती हें ठाऊक नसतां उभारलेला निधि म्हणजे सावध संस्थेनें बेसावध संस्थेचें बिल भरणें होय.

कोणी म्हणेल, तूट जाहीर केली तर ठेवीदार धांवत सुटतील आणि वांचण्याजोगी संस्थाही बुडेल. ही भीति निराधार नाहीं. इंग्लिश मंडळींतून सभासदाला वर्गणी काढून घेतां येत नसे, पतसंस्थेंतून ठेव काढतां येते. परंतु गुप्ततेनें धांवाधांव टळत नाहीं. ती फक्त निवडक लोकांपुरती मर्यादित होते. ज्यांस आंतली बातमी असते ते मागच्या दारानें आधींच पैसे नेतात, आणि पुढच्या दारापाशीं उभी राहते ती भाजीवाली. उशीराची किंमत काय असते तें पुणेंकरांस नव्यानें सांगावयास नको. १९१२ सालीं स्थापन झालेल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालीं निर्बंध घातले आणि २०२२ सालीं तिचा परवाना रद्द केला. मध्यंतरीं जवळजवळ साडेनऊ वर्षें ठेवीदार ताटकळले. ती बँक होती म्हणून लहान ठेवीदारांस विम्याचें कांहीं छत्र तरी होतें. पतसंस्थेच्या ठेवीदारानें कोणत्या छत्राखालीं उभें राहावें?

आमची मागणी मोठी नाहीं. सरकारनें पतसंस्था चालवूं नयेत. तें त्याचें काम नव्हे, आणि जेथें त्यानें तें केलें तेथें राजकारणच अधिक शिरलें. परंतु जी संस्था ‘शासन नोंदणीकृत’ हे शब्द मिरविते, तिचा तपासनीस तिनें निवडूं नये. तो निबंधकानें नेमून द्यावा व ठराविक वर्षांनीं बदलावा. तपासणींत कर्जांचें व तारणांचें खरें मूल्यमापन असावें, १९१२ सालीं होतें तसें. आणि ‘अ’ वर्गाच्या फलकाशेजारीं, तितक्याच मोठ्या अक्षरांत, थकबाकी किती, संचालक व त्यांचे आप्त यांच्याकडील कर्ज किती, आणि ठेवींस विमा आहे कीं नाहीं, हे तीन आंकडे टांगलेले असावेत. सरकारला हें जमत नसेल तर त्यानें आपलें नांव त्या फलकावरून काढून घ्यावें. गरीब मग निदान स्वतःचे डोळे उघडे ठेवील.

तोंवर वाचकांनीं एक करावें. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर भरतात. आपल्यापैकीं बहुतेक जण त्या दिवशीं अहवालाची छापील प्रत घरीं आणून कपाटांत ठेवितात. यंदा सभेला जावें आणि वरील तीन आंकडे उभें राहून विचारावेत. नाममात्र सभासद असाल तर तेच प्रश्न लेखी विचारून पोंच घ्यावी. उत्तर देतांना अध्यक्ष महाशयांनीं भिंतीवरच्या शिक्क्याकडे बोट दाखविलें, तर त्याच आठवड्यांत आपल्या ठेवीचा विचार करावा.